फोनातली अक्का

आमच्या आईनं व्हिडिओ कॉल आयुष्यात एकदाच केला, त्यो बी मी लावून दिलेला. नेसरीची थोरली मावशी स्क्रीनवर हसत म्हणाली, "बरी हाय गं मी." आईनं काचेवरनं बोट फिरवलं आणि फोन मला परत दिला.

"अक्का दिसतीया, पण हाताला लागत न्हाय. असं बघून जीव जास्तच तुटतोय. हे मला शिकवू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती एसटीनं नेसरीला गेली. रविवारी मी तिला आणायला गेलो, तर ती मावशीचा हात धरून बसलेली. हात इतका वाळलेला की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"हे तुझ्या फोनात दिसलं न्हाय," आई म्हणाली. "तू जा. मी ऱ्हातो हितंच."