सोळा इंची चाकं

बसा, पर त्या बाकड्यावर नका बसू, त्याचा पाय ढिला हाय, ह्या टायरवर बसा. टायरवाल्याचं बी कुणी लिवून घेतं का, मला तर हसू यायलंय, पर आता परभणीहून एवढं आलाव तर ऐका. जलम माझा पूर्णेचा, रेल्वेच्या चाळीतला. बाप गँगमन व्हता, रुळावरचा माणूस, त्याला वाटायचं पोरानं बी रुळावरच जावं, पर मला शाळेत काय जमलं न्हाई आन् रेल्वेत घ्यायला कायतरी शाळा पायजेच, मंग बापानं मला करीमभाई उस्तादाकडं नेऊन बसवलं. पूर्णेला स्टेशनाच्या मागं त्यांचं टायरचं दुकान व्हतं. बाप मनला, उस्ताद, ह्याला हात द्या, डोकं तर काय दिसत न्हाई. उस्ताद मनले, राहू दे, टायरला डोकं लागतं ते मी देतो.

आन् खरंच दिलं बगा. लोकायला वाटतं टायरवाला मंजी पंक्चरवाला, पाण्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा बगायचा, टिकली लावायची, झालं. तसं न्हाई ते. उस्तादांचं एक व्हतं, गाडी दुकानापुढं थांबली की पयलं टायरकडं बगायचं न्हाई, पयलं माणसाला इचारायचं, गाडी कुठं चालती. शेतात चालती का डांबरीवर, एकटा बसतो का अख्खं घर बसतं, उसाच्या मोळ्या घालता का निस्ती शाळेची पोरं. ते सांगितल्याबिगर उस्ताद टायर काढून दाखवत नव्हते. गिऱ्हाईक चिडायचं, पण उस्ताद मनायचे, गाडी तुझी, पर टायर रस्त्याचं असतं. तीच सवय मला लागली ती आजपर्यंत हाय, एक-दोन गिऱ्हाइकं त्यापायी मी घालवली बी.

मंग लग्न झालं, सुमनचं माहेर इकडचं, आन् आमचं गाव ताडकळसपासून आत, सहा किलोमीटर. तिथं आजाचं घर व्हतं, थोडं रान व्हतं. मी दुकान टाकलं इथं ताडकळसच्या बाजारात आन् राहायला गावात, रोज फटफटीवर यायचं, रोज जायचं. एक पोरगा झाला, संतोष. एकच. सुमनला पुन्हा लेकरू झालं न्हाई, आन् मला त्याचं कवा काय वाटलं न्हाई, एक हाय तर नीट शिकवू मनलं. तो शिकला, लय शिकला, पुण्याला कंपनीत लागला, तिथंच लग्न केलं, सूनबाई परभणीच्या, चांगल्या घरच्या, मला नाव ठेवायला जागा न्हाई. सणाला यायचा. पोळ्याला, दिवाळीला, उन्हाळ्यात आठ-आठ दिवस. माय त्याची दारात उभी राहायची, फाट्यावर यष्टी थांबली की तिला घरात कळायचं, कसं कळायचं काय की.

सुमन गेली त्याला आता पाच वर्षं झाली. लय दिवस पडून नव्हती, आठ-पंधरा दिवसात आटोपलं. त्याच्यावर मी जास्त बोलत न्हाई, लिवू बी नका.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवाळीला संतोष स्वतःची गाडी घेऊन आला. लहान गाडी, पांढरी. दुकानापुढं थांबवली आन् मागचं दार उघडलं तर आत चार चाकं भरलेली. चकचकीत, जाळीची, सोळा इंची. मनला, अप्पा, दोस्तानं मोठ्या गाडीची काढली, मी घेतली, टायर बी त्यालाच हायत, निस्तं बसवून द्या. मी मनलं बस आधी, पाणी पी. पोरगं जगात कुठं बी टायर बसवू शकत व्हतं, ती चाकं घेऊन पुण्याहून एवढ्या लांब बापाकडं आलं. मला तेवढंच पुरलं.

आता तुमाला टायरवरचे आकडे वाचता येतात का? न्हाई ना. त्याच्या गाडीला कंपनीचं टायर व्हतं एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा. पयला आकडा टायरची रुंदी. दुसरा मंजी त्या रुंदीच्या शंभरातले किती, तेवढी रबराची उंची, डिस्कपासून रस्त्यापर्यंत, डिस्क मंजी टायर ज्याच्यावर चढतं ती मधली चकती. तिसरा आकडा डिस्क किती इंची. आता डिस्क चौदाची सोळा केली तर रबराची उंची कमी करावी लागती, न्हाईतर सगळं चाकच मोठं होतं आन् गाडीचं सगळं गणित चुकतं. संतोषनं आणलेले टायर व्हते दोनशे पाच, साठ, सोळा. मी बगताच मनलं हे न्हाई चालणार. तो हसला, अप्पा, दिसायला एक नंबर दिसतात. मनलं, दिसायचं मला सांगू नको, चल अंगणात.

दुकानामागं ही फरशी हाय ना, हीच. जुनं चाक उभं केलं, टायरला खडूनं रेघ मारली, तीच रेघ खाली फरशीवर मारली, आन् चाक लोळवत नेलं ते रेघ पुन्हा खाली येईस्तोवर. तिथं दुसरी रेघ. मंग नवं चाक तसंच नेलं. नवं मूठभर पुढं गेलं. उस्तादांची रीत हाय ही, पट्टी नको, हिशोब नको, सुतळी लावली तरी कळतं. मनलं, बग, एका फेऱ्याला मूठभर, मंजी तुझा काटा शंभर दाखवल तवा तू एकशे पाचनं चाललेला असशील, आन् वळताना टायर मडगार्डाला घासल. तो मनला घासत न्हाई, मी पुण्यात बगितलं. मनलं, रिकाम्या गाडीत बगितलं असशील, आपल्याकडं रिकामी गाडी चालती का?

मंग काय, समोरच्या हॉटेलवाल्या गंगाधरला हाक मारली, म्हैस घ्यायला आलेले दोन पावणे व्हते त्याच्याकडं, त्यांना बी उठवलं, आन् गंगाधरची बायको, ती एकटी दोघांच्या भारी, तिला मनलं वहिनी, तुमी पुढं बसा, गाडीचं तुमच्यावर हाय सगळं. ती मला बडबड करत बसली. दोन चाकं चढवून संतोषनं स्टेअरिंग पार कोपऱ्यापर्यंत फिरवलं आन् गाडी हलवली, तसा खर्रर्र आवाज आला. सगळे हसले. संतोष बी हसला, खाली उतरला आन् मनला, अप्पा, तुमचं बरोबर हाय. माझ्या पोरानं मला इतकं सरळ कवाच मनलं नव्हतं. त्या दिवशी मी पुन्हा लहान झालो मनलं तरी चालल.

तर आता सोळाला बरोबर बसणारं टायर कोणतं, तर एकशे पंच्याण्णव, पंचावन्न. त्याचा फेरा जुन्याइतकाच पडतो, एक बोट इकडंतिकडं. दुसरा मार्ग मंजी पंधरा इंची डिस्क घ्यायची आन् एकशे पंच्याऐंशी, पासष्ट. त्याचा बी फेरा तोच, पर रबर जास्त राहतं. सोळाला जुन्यापेक्षा पुरतं एक इंच रबर कमी. एक इंच मंजी काय, आमच्या गावच्या रस्त्याला जा मंजी कळल. तवा तो रस्ता रस्ता नव्हता, खड्ड्यात खड्डा, गिट्टी उघडी पडलेली. मी मनलं, संतोष, पंधरा घे. ही चाकं वापस दे दोस्ताला. सोळाला आपल्या रस्त्यानं धक्का सरळ डिस्कला बसल.

 तो मनला, अप्पा, तुमीच सगळ्याला इचारता ना, गाडी कुठं चालती. पुण्यात चालती. घर ते कंपनी, चांगला रस्ता हाय. इकडं मी वर्षाला चार दिवस येतो, चार दिवसासाठी टायर निवडू का?

त्यात चूक काय व्हती सांगा. मला कुणी गिऱ्हाईक असं मनलं असतं तर मी मनलो असतो, शाना माणूस हाय. पर ते चार दिवस मला लागले. आधी आठ-आठ दिवस यायचा, आता स्वतःच्या तोंडानं चार मनला, आन् मला ते मोजून बी कळलं नव्हतं.

आता खरं सांगतो, हे मी कुणाला सांगितलं न्हाई. त्या घडीला मी खोटं बोलू शकत व्हतो. मनायचं, ह्या गाडीला सोळा बसतच न्हाई, नट जमत न्हाईत, काय बी. टायरच्या बाबतीत त्यानं माझा शब्द कवा खाली पडू दिला न्हाई, मानलं असतं त्यानं. जिभेवर आलं व्हतं. पर उस्तादांच्या हाताखाली चाळीस वर्षांमागं शिकलो ते आडवं आलं. मी नांदेडहून एकशे पंच्याण्णव, पंचावन्न मागवले, माझ्या हातानं चढवले, हवा मोजून भरली, नट फुलीच्या चालीनं, एकासमोरचा एक, आवळले. काम एक नंबर झालं. अजून बी त्याच्यात कुणी खोट काढू शकत न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला, सूनबाई आन् नात गाडीत, गावाकडं निघाले आन् नाल्यापाशी खड्ड्यात चाक गेलं, डिस्कला चीर पडली. उन्हात दोन घंटे लेकरू रडलं. स्टेपनी पुण्याला राहिलेली, मी फटफटीवर दुकानात पडलेलं त्याचं जुनं चाक बांधून नेलं.  मला वाटायलं मीच तो खड्डा खांदला.

त्या दिवसापासून संतोष गावात आला न्हाई. ताडकळसला येतो, इथं दुकानात बसतो, गंगाधरचा चहा पितो, मला कपडे आणतो, औषध आणतो, मंग परभणीला सासरी मुक्काम. मनतो, अप्पा, गाडी जात न्हाई आत. मी मनलं गाडी ठेव इथं, मी फटफटीवर दोन फेऱ्या करतो, आधी सूनबाईला आन् लेकराला नेतो, मंग तुला. तो मनला, धूळ लय हाय, पोरीला खोकला होतो. बरं मनलं. गावात लोक इचारायचे, संतोष आला न्हाई का घरी. मी सांगायचो, त्याची चाकं सोळा इंची हायत, आपल्या रस्त्याला जमत न्हाईत. लोकायला पटायचं. मला बी पटायचं, टायरचाच माणूस मी. रात्री भाकरी एकट्यानं खाताना दोष द्यायला कायतरी व्हतं.

आन् मंग ह्या वर्षी रस्ता झाला.

सहाच्या सहा किलोमीटर, सिमेंटचा. नाल्यावर पूल. काम चालू व्हतं तवा मी रोज थांबून बगायचो, मजूर मनायचे, काका, तुमीच साहेब दिसता. झाल्यावर पयल्या दिवशी संतोषला फोन लावला, मनलं, आता सोळा काय, अठरा इंची घेऊन ये. मनला, लय बरं झालं अप्पा. दिवाळीला येतो मनला.

मी घर झाडून घेतलं, चुन्याचा हात मारला. नवी गादी घेतली, सुमनची पेटी आतल्या खोलीत सरकवली, लेकराला खेळायला जागा केली. शेजारच्या बाईला सांगून करंज्या करून घेतल्या. पाडव्याच्या दिवशी तो आला, इथं दुकानापुढं गाडी थांबली, चहा झाला. मी दुकानाचं शटर वढलं, कुलूप लावलं, पिशवी घेतली आन् गाडीत पुढं बसलो. आयुष्यात त्या गाडीत मी एकदाच बसलो, ते तवा. मनलं चल. त्यानं चावी फिरवली न्हाई. मंग मनला, अप्पा, ह्या बारीला न्हाई जमणार, परभणीला जेवायला वाट बगायलेत. पुढल्या बारीला नक्की. मी फोटो बगितला रस्त्याचा, लय भारी झालाय.

मी उतरलो. करंज्यांचा डबा घरीच व्हता, त्यो बी देता आला न्हाई. फटफटीवर घरी गेलो. आधी त्या रस्त्यानं अर्धा घंटा लागायचा, खड्डे चुकवण्यात ध्यान गुतायचं. त्या दिवशी दहा मिनिटात दारात पोचलो.

मंग मला कळलं. माझं टायर बरोबर व्हतं. पंधरा घातले असते तरी हेच झालं असतं. त्या घरात त्याला येववत न्हाई, मायच्या जागी मी एकटा दारात उभा राहिलेला त्याला बगवत न्हाई. त्याची माय असती तर तो चिखलातनं पायी आला असता. मी काय त्याची माय न्हाई. ह्यात त्याचा बी दोष न्हाई, पोरगं गुणाचं हाय, रोज फोन करतं, सुखात राहो, त्याच्या गाडीला कुठं ओरखडा न लागो, एवढंच मी मागतो.

निस्तं एक अवघड झालंय. गावात पारावर बसलेले लोक अजून इचारतात, माणिक, संतोष घरी आला न्हाई का ह्या दिवाळीला. मला दुसरं काय सुचत न्हाई, मी आपलं तेच सांगतो, सोळा इंची चाकं हायत, आपल्या रस्त्याला जमत न्हाईत. लोक शाने हायत. पुढच्या त्या गुळगुळीत रस्त्याकडं बगतात आन् हाव, बरोबर हाय, मनतात.