धानातली पांढरी खोली

तुम्ही म्हणता ना गा, परदेशात मोकळ्या मनानं फिरावं म्हणून? मीही तेच ठरवून बायकोसंगं व्हिएतनामले गेलतो. जिकडं पाहा तिकडं धान. मले तर आमच्या गावच्या, अड्याळच्या वावराच्या धुऱ्यावर उभा असल्यासारखंच वाटत होतं.

एका गावात बस थांबली. बांधीच्या, म्हंजे धानाच्या वाफ्याच्या मधात, आपल्याकडच्या मोटारपंपाच्या खोलीसारखी सिमेंटची लहानशी पांढरी खोली होती आन वावराची मालकीण, एक म्हातारी, बाजूलेच धान कापत होती. मी खोलीवर हात टेकवला. आमचा गाईड तिथलाच, पण हिंदी बोले. त्याले म्हटलं, "हिले विचार, मोटार किती हॉर्सपॉवरची हाये?"

त्यानं विचारलं आन हळूच मले म्हणाला, "काकाजी, आतमध्ये तिचा नवरा हाये. पुरलेला."

करंट लागल्यासारखा मी हात काढला. "धानात काहून पुरलं?"

"तिथूनच वावरावर लक्ष ठेवतो म्हणते. तुमचे वडील कोणत्या बांधीत हायेत, विचारून राहिली."

मी म्हटलं, "वैनगंगेत."

"बुडाले?"

"नाई, आधी जाळलं. मंग राख सोडली."

"कोणी जाळलं?"

"मीच."

गाईडनं हे सांगताच म्हातारीच्या हातातला विळा खाली पडला. तिनं माह्या बायकोचा हात धरला, तिले माह्यापासून चार पावलं दूर नेलं आन गाईडले काहीतरी सांगितलं.

गाईड बायकोले म्हणाला, "काकू, ती म्हणते घाबरू नका. तिच्या वावरात तुमच्यासाठी जागा हाये."

आता मी घरी आवाज चढवला का बायको शांतपणे म्हणते, "माही जागा तिकडं ठरून हाये."