बाबांच्या पेटीवरचा नंबर

तुम्ही हसान, पण आमच्या बाबांनी गाण्याच्या पेटीवर पांढऱ्या पेंटनं नंबर लिहिला होता. झालं असं, मी त्यांचं एक भीमगीत इंटरनेटवर टाकलं अन् त्या रेकॉर्डिंगले एक कोड भेटला. बाबांची सारी नोकरी भिलाईच्या प्लांटमध्ये गेली. तिथं भट्टीतून निघालेल्या पोलादाच्या प्रत्येक खेपेवर, म्हणजे हीटवर, तिचा नंबर पेंट करतेत.

"अहो बाबा, हा कोड रेकॉर्डिंगचा आहे, पेटीचा नाही!"

"बिना नंबरचा माल गेटच्या बाहेर जात नाही," बाबा म्हणाले.

मले मात्र ते रेकॉर्डिंगच खटकून राहिलं होतं. गाण्याच्या मधातच ढोलकीवाले सुखदेवकाका "वा दादा!" म्हणून ओरडले होते. काका मागच्या साली वारले. मी म्हटलं, "बाबा, रिसालीच्या स्टुडिओत पुन्हा गाऊन घ्या, एकदम साफ."

बाबा खुशीत तयार झाले. निघता निघता विचारलं, "नंबर हाच राहीन ना?"

"नाही. गाणं तेच, पण रेकॉर्डिंग नवं, म्हणून कोडही नवा."

"म्हणजे हीट वेगळी."

"हो."

बाबांनी पायातल्या चपला काढल्या. "मंग राहू दे. नव्या हीटमध्ये सुखदेव कुठून आणू?"