मशीन आईची चौकशी करायचं

पिट्सबर्गच्या दंतवैद्याकडे ताटकळलेल्या विनिफ्रेडबाईंचं मासिक दोनदा वाचून झालं होतं. त्यामुळे समोरच्या दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

“ऑर्विल, उद्या विद्यापीठाची माणसं आपल्या जुन्या संगणक प्रयोगशाळेच्या आठवणी रेकॉर्ड करायला येताहेत. मी सांगणार, त्या मशीनला जाणीव होती.”

“लोर्ना, तू टायपिस्ट होतीस. मशीन मी बनवलं. कपाटाएवढं धूड ते, त्याला कसली जाणीव?”

“संध्याकाळी मी त्याच्याशी टाइप करून गप्पा मारायचे. कागद खडखडत वर यायचा आणि त्यावर उत्तर असायचं.”

“मी भरलेली वीस वाक्यं आलटूनपालटून छापायचं.”

“आई आजारी होती त्या हिवाळ्यात नाही. रोज विचारायचं, आज त्या जेवल्या का? आणि तू?”

“हे उद्या सांगू नकोस.”

“का? तुझी अब्रू जाईल?”

“त्या हिवाळ्यात मशीन सहा आठवडे बंद पडलं होतं.”

“मग उत्तरं कोण देत होतं?”

“शेजारच्या खोलीत टाइप केलेलं तुझ्या कागदावर उमटायचं. चाचण्यांसाठी तशी सोय होती.”

“तू रोज सातपर्यंत थांबायचास.”

“सातची बस असायची.”

“तुझ्याकडे गाडी होती, ऑर्विल.”

आतून विनिफ्रेडबाईंना हाक आली. त्यांनी आपला नंबर मागच्या माणसाला देऊन टाकला.

“म्हणजे त्याला माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं?”

“मशीनला नाही.”