अर्ध्या मिनिटाचं पाऊल

शिवराम : बाळ, आजचा दिवस थांब. गणितात आता पाऊल अर्ध्या मिनिटाचं घेतलंय. या वेळी उत्तर येईल.

बाळ : बारा दिवस थांबलोच की रे. यज्ञेशला गंगेनं नेलं, निदान देह तरी मिळेल म्हणून थांबलो. आता भटजी म्हणून सांगतो, दर्भाचा पुतळा करून संस्कार उरकू दे. इंदूवहिनी अन्नाला शिवत नाहीत.

ईशानी : बाबा, लॅपटॉप बंद करा ना. आई तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलीय. दादाला जाऊ द्या आता.

शिवराम : कसा जाऊ देऊ? माझ्यामुळे राहिला तो पाण्यात.

बाळ : काय बोलतोस! भर श्रावणात मुन्शी घाटावरून उडी त्यानं मारली. तुझा काय दोष?

शिवराम : ऐक. त्याची जागा, त्याचा वेग, पाण्याचा वेग, सगळं एकमेकांत गुंतलेलं. एक बदललं की बाकीचं बदलतं. सरळ सूत्र नाही याला. मग काय करायचं, आत्ता कुठं आहे ते धरायचं, वेग बघायचा, एक पाऊल पुढं टाकायचं. तिथून पुन्हा वेग, पुन्हा पाऊल.

बाळ : बरं, मग?

शिवराम : मी पाऊल तासाभराचं टाकलं. घाई होती रे! घाटाखाली भोवरा आहे, दहा मिनिटांत एक फेरा घेतो. माझं पाऊल त्याच्यावरून उडून गेलं. उत्तर आलं राजघाटाच्या पुढं, आणि मी सगळ्या नावा तिकडे पिटाळल्या. रामजतन मल्लाह हात जोडून सांगत होता, "गुरुजी, लड़का यहीं घूम रहा होगा." मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं? पस्तीस वर्षं युनिव्हर्सिटीत हेच शिकवलं मी. पहिल्याच वर्षाच्या पोरांना सांगायचो, पाऊल अर्धं करून पडताळा घ्या. स्वतःच्या पोराच्या वेळी घेतला नाही.

ईशानी : बाबा...

शिवराम : त्याच दिवशी इथं शोधलं असतं तर सापडला असता. इंदूला तोंड तरी बघायला मिळालं असतं.

ईशानी : नसता सापडला.

शिवराम : तुला काय ठाऊक?

ईशानी : रामजतनभैयानं तुमचं ऐकलंच नव्हतं. तुम्ही राजघाटाकडे गेलात ना, त्यानं दोन नावा मागे ठेवल्या. त्या भोवऱ्यातच. जाळं टाकलं, लोखंडी काटे टाकले, अंधार पडेपर्यंत. मी पायरीवर बसले होते, माझ्या डोळ्यांसमोर. काही नाही मिळालं, बाबा.

शिवराम : आणि हे आज सांगतेस?

ईशानी : तोच म्हणाला, "गुरुजी से मत कहना, दिल टूट जाएगा." तुमच्या शब्दाबाहेर गेला होता ना. आणि मग तुम्ही गणिताला बसलात. वाटलं, काहीतरी करताहेत, करू देत. तुम्ही उठलात तर काय होईल, डर लगता था.



शिवराम : म्हणजे माझी चूक नव्हती.

ईशानी : नव्हती, बाबा.

शिवराम : चूक असती तर सुधारली असती गं.

बाळ : रड, शिवराम. रडून घे.

शिवराम : पुतळा कसा करतात रे?

बाळ : दर्भाचा देह, वर पळसाची पानं तीनशे साठ, डोक्याच्या जागी नारळ. हाडं तेवढी मानतात म्हणून पानं तेवढी.

शिवराम : आणि उंची?

बाळ : अंदाजे ठेवतो आम्ही, हात-दीड हात...

शिवराम : अंदाजे नको. पूर्ण कर. पाच फूट आठ.

ईशानी : साडेआठ, बाबा. होळीला मी मोजली होती.

शिवराम : साडेआठ. आणि बाळ, डावं मनगट जरा वाकडं ठेव. सातवीत सायकलवरून पडला होता, हाड नीट बसलं नाही.