पारसभाऊंची पाटी

आदरणीय अध्यक्ष सुदर्शनराव, व्यासपीठावरील डॉ. साधनाताई, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या उगमबाई, आणि वेळेवर व उशिरा आलेल्या सर्व कळंबकरांनो,

मी भाषण कधी लिहून आणत नाही. आज आणलं, कारण गेल्या पंधरवड्यात आपण सगळ्यांनी मिळून एका जिवंत माणसाला कैलासवासी केलं आणि ते कुणालाच खटकलं नाही. रागाच्या भरात भलतं बोलू नये, म्हणून हा कागद.

मी निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आपल्या आरोग्य निधीची चिटणीस. साधनाताई डोंगरगावांत आणि बाजारपेठांत घरोघर जाऊन मनाच्या आजारांवर संशोधन करतात. आजार कधी सुरू झाला, कुणापासून लपवला, डॉक्टरकडे जायला इतका उशीर का झाला? अशा कामाला पैसे कोण देतं? निधीच्या बैठकीत मी विषय मांडला, तर पहिला प्रश्न आला, "मॅडम, पाटी कुठं लावायची?" पाण्याच्या कूलरला लागते, बाकाला लागते, रुग्णवाहिकेला लागते. संशोधनाला कुठं लावणार? सभा चहा पिऊन उठली. महिनाअखेरीस ताईंचं काम बंद पडणार, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी उगमबाई माझ्याकडे आल्या. पती सोहनलालजींच्या मागे भुसाराचं दुकान यांनीच चालवलं. म्हणाल्या, "पैसे मी देते. दुकानामागची खोलीपण देते. पाटी माझ्या दारावर लावा. पारसचं नाव घाला."

पारसभाऊ त्यांचे थोरले चिरंजीव. कॉलेजात असताना आजारी पडले, तेव्हापासून माडीवर राहतात. कुणी विचारलं तर घरचे सांगत, सुरतला असतो. पुढे लोकांनी विचारणंच सोडलं. धाकटे जिनेश आईला म्हणाले, "बाई, माझ्या सिद्धीचं स्थळ चाललंय. वर्षभर थांब की."

"थांबलेच ना मी," उगमबाई म्हणाल्या. "थांबता थांबता पारसचे केस पिकले."

पाटीचं काम बहिरू पेंटरकडे गेलं. देणगीची पाटी म्हटली की त्याचा हात आपोआप चालतो. त्याने सुबक अक्षरात रंगवलं, 'कै. पारस सोहनलाल यांच्या स्मरणार्थ'. पाटी दारावर चढली, नारळ फुटला, आपण टाळ्या वाजवल्या. उगमबाईंनी पाटी वाचली आणि त्या पायरीवरच बसल्या.

टाळ्या ऐकून पारसभाऊ जिना उतरून खाली आले. पेठेच्या उजेडात डोळे बारीक करून त्यांनी पाटी वाचली. "बहिरू, लेका, मला न विचारता मारलंस?"

बहिरू त्यांचा शाळासोबती. शिडीवरूनच ओरडला, "आरं पारस! तू हायस व्हय? आमाला वाटलं, तू कवाच..."

"वाटलं तर वर येऊन बघायचं. जिना आहे की."

"न्हाई रं आलो. लई चुकलं."

"मग आता पूस ते. रंग ओला आहे तोवर. आणि स्मरणार्थ काय? मी रोज दोन वेळा जेवतो."

हसलो आपण सगळे. उगमबाई रडत होत्या, आणि हसतही होत्या.

पेठेत पैसा अनेकांकडे आहे. पण जी गोष्ट घराने इतकी वर्षं झाकली, ती स्वतःच्या दारावर रंगवून घ्यायला सांगणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. साधनाताई स्पष्ट सांगतात, या संशोधनातून लगेच औषध निघणार नाही. पण पुढच्या घराने केस पिकेपर्यंत थांबू नये, एवढं त्यातून साधेल. ते थोडं आहे का?

सिद्धीच्या स्थळाचं काय झालं, हे मला हॉलच्या दारातच तिघींनी विचारलं. सांगायचं तर सिद्धी सांगेल. आपण विचारू नये.

पारसभाऊ शेवटच्या रांगेत, दाराशी बसले आहेत. आवाज सहन झाला नाही तर ते उठून जातील, असं ठरलं आहे. उठले तर कुणी मान वळवायची नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझं बोलणं कुणाला कठोर वाटलं असेल तर पोटात घाला. पाटीबद्दलची क्षमा मात्र माझ्याकडे मागू नका. ती ज्यांच्याकडे मागायची, ते याच हॉलमध्ये आहेत.

(कार्यक्रमानंतर जोडलेली नोंद. आज सुपूर्द केले: संशोधनाच्या पुढील खर्चाचा धनादेश, दुकानामागच्या खोलीची चावी, आणि नवी पाटी, 'मनाच्या आजारांच्या संशोधनासाठी. देणार: उगमबाई व पारस'. घेणार: डॉ. साधना. देणार: पारस सोहनलाल, शेवटच्या रांगेतून स्वतः चालत येऊन.)