खरखर

(कंपनीच्या कचेरीबाहेरचा बाक. लिफ्टची दुरुस्ती करणारे वडील आणि त्यांची शिक्षिका मुलगी. आत चौकशी सुरू व्हायला थोडाच वेळ आहे.)

मुलगी : सही करा म्हटलं ना, बाबा! एवढं छान इंग्रजीत लिहून आणलंय मी.

वडील : परत वाच. मराठीत सांग.

मुलगी : तिसऱ्यांदा! ऐका. ‘गुरुवारी मी लिफ्ट तपासली. काहीही वावगं आढळलं नाही. रजिस्टरात तशी नोंद केली आहे.’ तुमच्या नोंदीशी तंतोतंत जुळतंय. कुणाची बिशाद आहे बोट दाखवायची?

वडील : जुळतंय खरं. पण आढळलं होतं गं.

मुलगी : काय आढळलं होतं?

वडील : ब्रेक लागताना खरखर येत होती. थांबताना हिसका बसत होता. दोनदा वर-खाली करून बघितलं मी.

मुलगी : आणि रजिस्टरात ‘वर्किंग स्मूथली’ लिहिलंत?

वडील : हो.

मुलगी : अहो, शुक्रवारी तीच लिफ्ट निसटली! त्या आजींचं मांडीचं हाड मोडलं! का लिहिलंत असं? कुणाला वाचवत होतात?

वडील : कुणाला नाही. खरखर इंग्रजीत कशी लिहायची, ते येईना.

मुलगी : म्हणजे?

वडील : पंधरा मिनिटं पेन धरून बसलो. ‘वर्किंग स्मूथली’ तेवढं पाठ होतं, स्पेलिंगसकट. ते लिहिलं आणि सुटलो. म्हटलं, सोमवारी स्वतःच येऊन बघू.

मुलगी : मोडकंतोडकं लिहायचं होतं, बाबा!

वडील : मागं लिहिलं होतं की. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे खिदळले. म्हणून तर तुझ्यापुढे वही घेऊन बसलो.

मुलगी : मग शिकवलंच ना मी? रोज संध्याकाळी, शाळेतून दमून आल्यावर?

वडील : शिकवलंस. पहिल्या दिवशी पाच वाक्यांत अकरा चुका काढल्यास. दुसऱ्या दिवशी मी तीनच वाक्यं लिहिली. मग दोन. शेवटी जी चुकत नाहीत तेवढीच लिहायला लागलो. तू शाब्बास म्हणालीस.

मुलगी : म्हणजे खापर माझ्यावर?

वडील : छे गं! लिफ्ट चालू मी सोडली. चूक माझी, लाजही माझी. तुला सांगतोय, कारण तू हसणार नाहीस.

मुलगी : हसतेय कसली? घाम फुटलाय मला. हे आत बोललात तर अठ्ठावीस वर्षांची नोकरी जाईल. आईला काय सांगू मी?

वडील : खरं ते सांग.

मुलगी : सही केलीत तर काहीसुद्धा होणार नाही.

वडील : होईल. तसलेच ब्रेक आणखी सहा इमारतींत बसवलेत, एकाच खेपेला आलेले. आपण इथं बसलोय आणि त्या लिफ्टा चालू आहेत.

मुलगी : मग साहेबांना तोंडी सांगा ना.

वडील : काल फोन केला. म्हणाले, तुमच्या रजिस्टरात तर सगळं ठीक आहे. काही असेल तर लेखी द्या, इंग्रजीत. हा घे कागद. सकाळपासून लिहीत होतो.

मुलगी : तुम्ही? बघू. ‘ब्रेक मेक साउंड लाइक स्टोन इन मिक्सर. लिफ्ट गिव्ह जर्क. आय हिअर. आय नॉट राइट. ओल्ड लेडी फॉल. सिक्स मोअर ब्रेक सेम. प्लीज स्टॉप.’

वडील : फारच वाईट आहे का?

मुलगी : नाही. म्हणजे… द्या, दहा मिनिटांत नीट करून देते.

वडील : दहा मिनिटं नाहीत आता.

शिपाई : चला काका, साहेब बोलावतायत. कागद आणलाय ना?

वडील : आलोच. पोरी, एवढंच सांग. मी आवाज ऐकला होता, ते वाचून कळतंय?

मुलगी : कळतंय.

वडील : आणि त्या सहा बंद करा, ते?

मुलगी : तेही. लख्ख कळतंय, बाबा.

वडील : मग सही कुठं करायची, तेवढं दाखव.